वर्षावनात प्राणी बघायचे असतील तर चालणं कमी करावं का?

रानवाट

वर्षावनातून परतलेल्या बऱ्याच जणांकडून एकच तक्रार ऐकू येते: "एवढं नाव ऐकलं होतं, आणि दिसलं काय, तर जळवा आणि फुलपाखरं!" गवताळ प्रदेशात गाडीतून फिरून आलेल्यांची तर हमखास निराशा होते. तिकडे अर्ध्या किलोमीटरवरचा कळप दिसतो. इकडे वीस मीटरपलीकडे पानांची भिंत. जमिनीपर्यंत पोचणारा उजेड जेमतेम एक-दोन टक्के, आणि निम्म्याहून जास्त घडामोडी आपल्या डोक्यावर तीस-चाळीस मीटरवर चाललेल्या.

तरीही लोक तिथे जाऊन दिवसभर पायपीट करतात. माझं मत स्पष्ट आहे: वर्षावनात जितकं जास्त चालाल तितकं कमी दिसेल. आपल्याला प्राणी दिसायच्या आधी त्यांना आपण ऐकू गेलेलो असतो. त्यापेक्षा पहाटे एखादी जागा धरावी आणि दोन तास तिथून हलू नये.

पहिली वीस-पंचवीस मिनिटं काहीच होत नाही, आणि नेमके तेव्हाच लोक कंटाळून उठतात. त्यानंतर जंगल आपल्याला विसरायला लागतं. मध्य अमेरिकेतल्या एका जंगलात असाच बसलो असताना एक अगूती समोर आला. सशापेक्षा थोडा मोठा, तांबूस, बारीक पायांचा कुरतडणारा प्राणी. मागच्या पायांवर बसून त्याने पुढच्या पंजांत एक बी धरली, ती गोल गोल फिरवत साल सोलली, चार पावलं पुढे जाऊन खड्डा उकरला, बी आत ठेवली, पंजांनी माती थापली आणि वर एक वाळकं पान ओढून घेतलं. चालत असतो तर झुडपात काहीतरी खसफसलं एवढंच कळलं असतं.

तुमचा अनुभव काय? बसत असाल तर जागा कशी निवडता? चालत असाल तर कसं चालता?

टिटवी

वाचतेय. पण दोन तास डास चावू देत स्थिर बसायचं? त्याबद्दलही लिहा कुणीतरी.

सांजवारा

रानवाट, सस्तन प्राण्यांपुरतं मान्य. पक्ष्यांच्या बाबतीत अजिबात मान्य नाही.

वर्षावनातले बरेच कीटकभक्षी पक्षी मिश्र थव्याने हिंडतात. तासभर एकही पक्षी नसतो आणि मग अचानक दहा-पंधरा जातींचे पक्षी एकदम येतात. कुणी खोडावर, कुणी वाळक्या पानांच्या गुंडाळ्या उचकताना, कुणी वर शेंड्याला. पाच-सात मिनिटांत सगळे पसार. तुम्ही दोन तास एका जागी बसलात आणि थवा त्या दिवशी ओढ्यापलीकडे असला, तर हात हलवत परत यायचं. त्यामुळे हळूहळू चालायचं, कान उघडे ठेवायचे आणि थवा सापडला की त्याच्यासोबत सरकायचं.

ॲमेझॉनमधल्या या थव्यांची हद्द ठरलेली असते आणि पहाटे जमायची जागाही बहुधा तीच असते. त्यामुळे चांगला स्थानिक गाईड तुम्हाला बरोबर तिथे नेऊन उभं करतो. थव्यात अँटश्राईक जातीचा पक्षी पहारेकऱ्याचं काम करतो, ससाणा दिसला की ओरडतो. पण कधीकधी ससाणा नसतानाही ओरडतो! बाकीचे दचकून दबले की त्यांच्यासमोरचा किडा हा पळवतो. संशोधकांनी हे नोंदवून ठेवलं आहे. असं काही बघायचं तर थव्यामागे जायलाच हवं.

अभ्या

पहारेकरीच चोर! भारी आहे हे. आपल्याकडचा भृंगराजही याच पंथातला. इतरांचे आवाज हुबेहूब काढतो आणि सदाहरित जंगलातल्या मिश्र थव्यांत हमखास असतो.

देवराई

चालावं की बसावं यापेक्षा कुठे बसावं हा प्रश्न मोठा आहे. माझं उत्तर: फळांनी लगडलेल्या झाडाजवळ, आणि तेही शक्यतो वड-उंबराच्या कुळातल्या.

कारण सांगतो. वर्षावनातली पुष्कळ झाडं ठरावीक काळातच फळतात. बोर्निओत तर डिप्टेरोकार्प कुळातली झाडं कित्येक वर्षं गप्प राहतात आणि मग एखाद्या वर्षी मैलोन् मैल एकदम फळतात. वड-उंबरांचं तसं नाही. प्रत्येक झाडाचं वेळापत्रक वेगळं, त्यामुळे बाकी सगळीकडे दुष्काळ असतानाही कुठेतरी एखादं झाड लगडलेलं सापडतंच. अशा एकाच झाडावर सकाळी धनेश, मग गिबन, दुपारकडे ओरांगउटान आणि अंधार पडल्यावर बिंतुरोंग (उदमांजराच्या कुळातला मोठा, केसाळ प्राणी) येऊ शकतो.

झाड सापडतं नाकाने आणि पायाखाली बघून. आंबूस वास, अर्धवट खाल्लेली फळं, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या. धनेश उडताना पंखांचा मोठा घुस्स-घुस्स आवाज येतो. तो वारंवार एकाच दिशेने जात असेल तर तिकडे जाऊन बघावं.

आणि महत्त्वाचं: झाडाच्या बुंध्याशी बसू नका. वर बघून बघून मान मोडते आणि दिसतं फक्त पानांचं अस्तर. जवळपास उतार असेल तर त्यावर चढा. समोरच्या दरीतल्या झाडाचा शेंडा जिथे डोळ्यांच्या पातळीवर येतो तिथे बसा. प्राण्याची पाठ, चेहरा, काय खातोय, पिल्लू कुठे धरलंय, सगळं दिसतं.

सांजवारा

उताराच्या युक्तीबद्दल जगातल्या समस्त पक्षीनिरीक्षकांच्या मानांतर्फे आभार!

कुतूहल

उतार नसेल तर कॅनॉपी वॉकवे. घानातल्या काकुम राष्ट्रीय उद्यानातला झुलता पूल सुमारे साडेतीनशे मीटर लांब आहे. शास्त्रज्ञांनी तर पनामात १९९० मध्ये बांधकामाची क्रेनच जंगलात उभी केली आणि तिच्या पाळण्यातून शेंड्यांचा अभ्यास सुरू केला. तोवर दोरांवर चढून जाणारे मोजके लोक सोडले तर शेंड्यांच्या थराबद्दल फार थोडं ठाऊक होतं. बोर्निओतल्या दानुम खोऱ्यात शंभर मीटरहून उंच झाड मोजलं गेलंय. त्याच्या शेंड्यावरचं जमिनीवरून काय दिसणार?

वॉकवेबद्दल एक सूचना. दार उघडल्या उघडल्या पहिल्या गटात जा. गर्दी झाली की फळ्या करकरतात, लोक किंचाळतात, मग तिथे झाडंच बघायची.

वल्कल

मी दोन्ही पक्षांना सोडून तिसरा सांगते: नदी. वर्षावनात मोकळी जागा एकच, ती म्हणजे पाणी. होडीत आपण बसलेलेही असतो आणि पुढे सरकतही असतो, भांडण मिटलं.

बोर्निओच्या किनाबातांगान नदीवर नाकाड्या माकडांचे गट संध्याकाळी काठावरच्या झाडांवर झोपायला येतात. चार-साडेचारनंतर इंजिन बंद करून काठाकाठाने गेलं की झाडामागून झाड भरताना दिसतं. नर फांदीवर पोट सोडून बसलेला, पिल्लं एकमेकांच्या शेपट्या ओढतायत, मध्येच कुणीतरी अंग झोकून देत पलीकडच्या झाडावर. दिवसा आतल्या जंगलात शोधायला गेलात तर हीच माकडं दिसणं कठीण.

पेरूच्या मनू राष्ट्रीय उद्यानात नदीने पात्र बदलल्यावर मागे राहिलेली, घोड्याच्या नालेच्या आकाराची तळी आहेत. तिथे राक्षसी पाणमांजरं कुटुंबाने राहतात. त्यांच्या गळ्यावरचे फिकट ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात. पाण्याबाहेर मान काढून ती आपल्याकडे बघत फुरफुरतात तेव्हा ते ठिपके नीट दिसतात आणि कोण कोण ते ओळखता येतं. मात्र फुरफुरायला लागली तर होडी मागे घ्यायला सांगा, तो नाराजीचा आवाज आहे.

त्याच भागात नदीकाठच्या मातीच्या कड्यांवर सकाळी पोपट आणि मकाव माती खायला जमतात. मिठासाठी, म्हणजे सोडियमसाठी. समुद्रापासून इतक्या दूर, पावसाने सतत धुपणाऱ्या जमिनीत सोडियम दुर्मीळ.

रानवाट

वल्कल, सुंदर. तुमच्या मुद्द्याला जोडून: मध्य आफ्रिकेतल्या 'बाई', म्हणजे जंगलातल्या दलदलीच्या उघड्या जागा. त्यांतल्या द्झांगा बाईवर संशोधक आंद्रेया तुर्कालो यांनी १९९० पासून दोन दशकांहून अधिक काळ मचाणावरून जंगली हत्ती पाहिले. कानांच्या कडा, सुळ्यांची ठेवण यावरून हजारो हत्ती एकेक करून ओळखले. हत्ती तिथे क्षारांसाठी येतात, सोंड चिखलाच्या खड्ड्यात खुपसून. जंगलात तोच हत्ती दहा मीटरवर असला तरी दिसत नाही, आणि न दिसलेला हत्ती दहा मीटरवर असणं ही फार धोक्याची गोष्ट आहे. बघा, बसण्याचाच विजय!

सांजवारा

मचाण बांधून मिळत असेल तर मीही बसेन. :)

घुबड

रात्रीबद्दल कुणीच बोललं नाही अजून? वर्षावनातले अर्धे सस्तन प्राणी सूर्यास्तानंतरच ड्युटीवर येतात.

टॉर्च हातात कमरेपाशी धरू नका. कानशिलाशी, डोळ्यांच्या रेषेत धरा, नाहीतर हेडटॉर्च लावा. प्राण्याच्या डोळ्यांतून परतणारा प्रकाश सरळ मागे येतो, म्हणून उगम आपल्या डोळ्यांजवळ हवा. डोळे चमकले की आधी उंची बघा, मग दोन डोळ्यांतलं अंतर, मग हालचाल. जमिनीवर दवासारखे बारीक निळसर-हिरवे ठिपके चमकत असतील तर ते कोळी! पहिल्यांदा कळतं तेव्हा जमिनीवर किती कोळी आहेत ते बघून माणूस थबकतो.

सगळ्यांचे डोळे चमकत नाहीत हेही लक्षात ठेवा. टार्सियर हा माकडांचा चिमुकला निशाचर नातलग. त्याचा एकेक डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा, पण त्यात प्रकाश परतवणारा पडदाच नाही. तो शोधायचा तर बारीक उभ्या खोडाला चिकटलेला मुठीएवढा गोळा शोधावा लागतो. लाजवंतीचे (लोरिसचे) डोळे मात्र लांबूनही निखाऱ्यासारखे दिसतात.

प्राणी सापडला की झोत बाजूला घ्या किंवा लाल फिल्टर लावा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर पांढरा झोत धरून ठेवला तर त्या प्राण्याला काही काळ नीट दिसत नाही, आणि तेवढ्यात त्याची शिकार होऊ शकते किंवा तो फांदीवरून पडू शकतो. फोटोसाठी आणखी एक मिनिट, आणखी एक मिनिट, असं करणारे लोक पाहून मला खरंच राग येतो.

टिटवी

घुबड, रात्री सापांचं काय?

घुबड

टिटवीताई, घोट्याच्या वर जाणारे बूट, आणि न बघता कशालाही हात लावायचा नाही. चिखलात घसरलं की हात आपोआप जवळच्या खोडाकडे जातो, आणि खोडावर काटे, मुंग्या, सुरवंट किंवा पिट व्हायपर काहीही असू शकतं. त्यामुळे काठी वापरा. ओंडक्यावर बसण्याआधी पलीकडची बाजू टॉर्चने बघा. आणि गाईडशिवाय रात्री पायवाट सोडायची नाही.

डासांचं आधी विचारलं होतंत: सैल, लांब बाह्यांचे फिकट कपडे. घट्ट कपड्यांतून डास सहज चावतात. रेपेलंट लावाच, पण त्या हातांनी बेडकांना स्पर्श करू नका. त्यांची त्वचा सगळं शोषून घेते. (खरं तर तसेही हात लावू नका.)

अभ्या

मग सोपा उपाय का करत नाही कुणी? मोबाईलवर पक्ष्याचा आवाज, छोटा स्पीकर, दोन मिनिटांत पक्षी समोर. दाट झाडीत तेवढाच मार्ग उरतो.

सांजवारा

अभ्या, मी पक्ष्यांमागे धावणारा माणूस असूनही याला ठाम विरोध. त्या नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो खाणं सोडून, घरटं सोडून भांडायला येतो. तुझ्या दोन मिनिटांनी बिघडणार नाही कदाचित, पण ज्या पायवाटेवर रोज पाच-सहा गट येतात तिथे त्याच पक्ष्याला रोज पाच-सहा खोटी आव्हानं. बऱ्याच राष्ट्रीय उद्यानांत याला बंदी आहे.

ॲप वापरायचंच तर उलट वापर. ऐकू येणारा आवाज कुणाचा हे ओळखायला. आवाज ओळखता आला की पक्षी कोणत्या थरात बघायचा ते कळतं. निम्मं काम झालं.

अभ्या

हद्दीचा मुद्दा पटला. घरटं सोडून येत असेल तर नकोच.

वल्कल

याच ओघात माकडं-वानरांबद्दल. आपल्या सर्दी-खोकल्याने गोरिला मरू शकतात. म्हणून पर्वतीय गोरिलांच्या एका गटाला दिवसातून एकदाच जास्तीत जास्त आठ पर्यटक आणि तेही एकच तास, असा नियम आहे. अंतर राखायचं, मास्क लावायचा, बरं नसेल तर जायचंच नाही. इतका लांबचा प्रवास करून आल्यावर शिंक लपवायचा मोह होतो लोकांना. कृपा करून लपवू नका.

आणि स्लॉथ गळ्यात घेऊन फोटो काढू देणाऱ्यांकडे जाऊ नका. तो 'हसतोय' असं वाटतं ती फक्त तोंडाची ठेवण आहे. कोस्टा रिकाच्या सरकारने २०१९ मध्ये अशा सेल्फींविरोधात मोहीमच काढली होती.

कुतूहल

मी जरा आडवाटेने जातो. सगळ्यात चांगला बसणारा निरीक्षक कोण? कॅमेरा ट्रॅप! फ्रँक चॅपमन या पक्षीशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात पनामाच्या बारो कोलोरॅडो बेटावर पायवाटेवर तार ताणून ठेवली. प्राण्याचा पाय लागला की फ्लॅशची दारू पेटायची आणि फोटो निघायचा. रात्री त्या वाटेवरून कोण कोण जातं ते असं कळलं.

साओलाची गोष्ट तर विलक्षण आहे. व्हिएतनाम-लाओसच्या सीमेवरच्या अन्नामी डोंगरांतला हा मोठा, लांब शिंगांचा प्राणी शास्त्रज्ञांना १९९२ मध्ये कळला, तोही शिकाऱ्यांच्या घरांत टांगलेल्या शिंगांवरून. १९९९ मध्ये लाओसमध्ये आणि २०१३ मध्ये व्हिएतनाममध्ये कॅमेरा ट्रॅपमध्ये आला. आजवर एकाही जीवशास्त्रज्ञाने तो जंगलात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नाही. गाईच्या कुळातला एवढा प्राणी!

आणि जळवांना नावं ठेवणाऱ्यांसाठी: २०१२ मध्ये व्हिएतनाममधल्या जळवांच्या पोटातल्या रक्तातून डीएनए काढून तिथे कोणते प्राणी आहेत हे संशोधकांनी शोधलं. त्यात अन्नामी पट्टेरी ससा सापडला, जो त्याच भागात लावलेल्या कॅमेऱ्यांना चुकवत आला होता.

टिटवी

म्हणजे जळवेने आपल्याआधी प्राणी पाहिलेला असतो! धाग्याच्या पहिल्या ओळीतल्या तक्रारीला हे चोख उत्तर झालं.

मुक्कामपोस्ट

उशिरा आलो. सगळा धागा वाचला, पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही: न दिसलेला प्राणी वाचणं. ओल्या वाळूवर टापिराचा (आखूड सोंडेचा, डुकरासारखा दिसणारा प्राणी) ठसा बघा. पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची तीन. मागचा पाय बऱ्याचदा पुढच्याच्या ठशावर पडतो, त्यामुळे आधी गोंधळ होतो. कडा धारदार आणि आत पाणी अजून गढूळ असेल तर तो नुकताच गेलाय. कडा ढासळून आत पान पडलं असेल तर रात्रीचा.

वासही वाचता येतो. पांढऱ्या ओठांच्या पेकारींचा (रानडुकरासारखे प्राणी) कळप दिसण्याआधी उग्र दर्प येतो, मग दातांचा कडकड आवाज. दर्प आला की गाईड जिथे उभं करेल तिथे उभं राहायचं, प्रश्न नंतर.

आणि ओरांगउटानचं घरटं. तो रोज संध्याकाळी फांद्या मोडून झोपायला नवं घरटं करतो. १९७१ पासून बोर्निओत ओरांगउटानवर काम करणाऱ्या संशोधक बिरुटे गाल्डिकास आणि त्यांचे सहकारी संध्याकाळी त्याला घरट्यापर्यंत सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्याच झाडाखाली हजर व्हायचे. घरट्याची पानं हिरवी आहेत की तपकिरी, यावरून ते किती जुनं हे साधारण कळतं. हिरवं घरटं दिसलं तर ओरांगउटान त्याच टापूत आहे असं समजा.

रानवाट

मुक्कामपोस्ट, हा प्रतिसाद मी उतरवून ठेवतोय.

मूळ प्रश्नावर येतो. सांजवारांचं थव्यांबाबतचं म्हणणं मला पटलं. थवा सापडेपर्यंत बसून राहणं पक्ष्यांसाठी चालणार नाही. पण त्यांचं 'हळूहळू चालणं' आणि बहुतेक गटांचं चालणं यांत फार फरक आहे. तासाला किलोमीटरभर, दर वीस पावलांवर थांबून ऐकणं, असं चालणार असाल तर माझी काहीच हरकत नाही. आठ जणांच्या रांगेत गप्पा मारत पाच किलोमीटर चालायला मात्र माझा विरोध कायम.

सांजवारा

त्या रांगेला माझाही विरोध. मुंग्यांच्या फौजेसाठी मात्र मी पळेन! मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या वर्षावनात लष्करी मुंग्यांची आघाडी सरकते तेव्हा पुढे किडे, कोळी, झुरळं जीव घेऊन पळतात आणि अँटबर्ड त्यांच्यावर तुटून पडतात. नावावरून वाटतं तसे ते मुंग्या खात नाहीत, मुंग्यांनी उठवलेलं भक्ष्य खातात. एरवी महिनोन् महिने न दिसणारे पक्षी तिथे माणसाची पर्वा न करता समोर येतात. फक्त विजार मोज्यांत खोचा आणि आघाडीच्या बाजूला उभे राहा, पुढे नाही.

निशिगंध

दोन प्रश्न. दुर्बीण ८×४२ घ्यावी की १०×४२? आणि नऊ वर्षांच्या मुलीला सोबत न्यावं का? तिला बसवणं अवघड आहे.

देवराई

८×४२. अंधुक जंगलात जास्त उजेड डोळ्यात पोचतो, दिसणारं क्षेत्र रुंद असतं आणि हात कमी हलतो. दाट झाडीत पक्षी दुर्बिणीत पकडता येणं हे जास्त जवळ दिसण्यापेक्षा महत्त्वाचं. खोलीत एसी असेल तर दुर्बीण-कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करून बाहेर न्या आणि गरम झाल्यावरच उघडा, नाहीतर काचांवर बाष्प धरतं आणि नेमकी पहाटेची वेळ पुसण्यात जाते.

वल्कल

मुलीला जरूर न्या. मोठे प्राणी दाखवायचं वचन मात्र देऊ नका. पानं कापणाऱ्या मुंग्यांची रांग तिला दाखवा आणि वारूळ कुठे आहे ते तिलाच शोधू द्या, तास कसा गेला कळणार नाही. मध्य-दक्षिण अमेरिकेत जाणार असाल तर विषारी बेडूक दिवसाढवळ्या, जमिनीलगतच दिसतात. काही जातींत आई किंवा बाप पाठीवर बेडूकमासा घेऊन पाणी शोधत निघतो, आणि मुलांचे डोळे जमिनीजवळ असल्यामुळे ते मोठ्यांच्या आधी त्यांनाच सापडतात. हात लावायचा नाही एवढं एक पक्कं सांगा. आणि तिला तिची स्वतःची छोटी दुर्बीण द्या, तुमची मागून घ्यायला लावू नका.